कारखान्याला तीन पाळ्या, डॉक्टरला अखंड जागरण

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दिवसातून तीनदा रस्ते भरून वाहतात. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी, यळगूड आणि खुद्द कागलचे गडी कंपनीच्या गाडीतून नाही तर दुचाकीवरून येतात. एक पाळी सुटते, दुसरी चढते. फौंड्रीची भट्टी तीच, प्रेस तोच, लेथही तोच. यंत्रावरचा माणूस मात्र बदलतो. कारण आठ-नऊ तासांनंतर माणसाचे डोळे जड होतात आणि यंत्राला दयामाया नसते, हे मालकाला, सुपरवायझरला आणि कामगाराला अनुभवाने ठाऊक आहे.

तरीही अपघात व्हायचे ते होतातच. रात्री दोनच्या सुमारास कुणाची बोटे प्रेसमध्ये सापडतात, कुणाच्या पायावर तापलेला रस सांडतो. एमआयडीसीबाहेर शेतीतही तेच. कडबाकुट्टीत हात जातो, गुऱ्हाळाच्या चरकात बाही ओढली जाते, हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली दुचाकी जाते, बैलाचे शिंग पोटात घुसते. अशा वेळी सर्वांच्या तोंडी पहिला शब्द एकच, "सीपीआरला न्या." वीसएक किलोमीटर गाडी पळवून आपण जखमीला कोल्हापुरात पोहोचवतो. तिथे समोर येतो तो तरुण डॉक्टर. तो कोण, आणि मुख्य म्हणजे तो किती तासांपासून जागा आहे, हे आपण विचारत नाही. ते विचारण्याची वेळ आता आली आहे.

'शिकाऊ पोरे' म्हणून हिणवू नका

गावात सर्रास म्हटले जाते, "मोठा डॉक्टर नव्हताच, शिकाऊ पोरंच होती." ही शिकाऊ पोरे म्हणजे निवासी डॉक्टर. साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप पुरी करून, देशपातळीवरची नीट-पीजी परीक्षा देऊन ती इथवर आलेली असतात. शस्त्रक्रिया विषयाची एम.एस. पदवी घ्यायला पुढे आणखी तीन वर्षे लागतात. म्हणजे गावातला बरोबरीचा मित्र नोकरीला लागून, लग्न होऊन, दोन लेकरांचा बाप होतो, तेव्हा हा गडी अजून रुग्णालयाच्या वॉर्डातच असतो.

या तीन वर्षांची उतरंड ठरलेली असते. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे शेतावरचा नवा सालगडीच म्हणा. ड्रेसिंग करणे, रक्ताचे नमुने घेणे, सलाईन लावणे, केसपेपर लिहिणे, पोलीस केस असेल तर तिची नोंद करणे, रक्तपेढीकडे पाठपुरावा करणे, एक्स-रे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट आणणे, आणि माणूस मिळाला नाही तर रुग्णाचा स्ट्रेचरही ढकलणे ही सगळी त्याची कामे. दुसऱ्या वर्षी वरिष्ठांच्या देखरेखीखाली अपेंडिक्स, हर्निया, हायड्रोसील अशा शस्त्रक्रियांवर त्याचा हात बसू लागतो. तिसऱ्या वर्षी आतड्याला पडलेले छिद्र, पोटाला झालेली इजा, मधुमेहाने सडलेला पाय अशा अवघड केसेस येतात आणि धाकट्यांना शिकवण्याची जबाबदारीही येते. शिवाय ओपीडी, लॉगबुक, शोधप्रबंध आणि परीक्षा आहेतच. विभागातील प्रत्येक पथकाचा दाखल करून घेण्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी कामावर चढलेला डॉक्टर रात्रभर जागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर राऊंड आणि ऑपरेशनला उभा राहतो. सलग ३० ते ३६ तासांची ड्युटी निवासी डॉक्टरांच्या जगात नवलाची समजली जात नाही. ही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नव्हे, देशभरच्या सरकारी शिक्षण-रुग्णालयांची हीच तऱ्हा आहे.

'निवासी' हा शब्दही मुळात खराच होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तिथे विल्यम हॉलस्टेड या सर्जनने शिकाऊ शल्यचिकित्सकांना रुग्णालयातच मुक्कामाला ठेवून पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत बसवली. पुढे ती जगभर गेली. पद्धत चांगली होती, यात वाद नाही. सर्जन पुस्तक वाचून तयार होत नाही. जाणत्याच्या हाताखाली त्याचा हात बसावा लागतो. पण रात्रंदिवस राबण्याचा जो आदर्श त्यातून रुजला, त्याचीही दुसरी बाजू आहे. खुद्द हॉलस्टेड कोकेनवरच्या प्रयोगांतून त्याच्या व्यसनात सापडले आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेले, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदले आहे. गुरूची विद्या घ्यावी, त्याचे जागरण घेऊ नये.

अठ्ठेचाळीस तास : एक कायदा, एक कागद

कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्याने घालून दिली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आठवड्याची ही मर्यादा कायम आहे. त्यापेक्षा जास्त काम घेतले तर ओव्हरटाइम द्यावा लागतो. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे किती पाळले जाते, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण निदान तक्रार करायला कायदा आहे, निरीक्षक आहे, हजेरीपत्रक आहे.

आता मौज बघा. निवासी डॉक्टरांसाठीही नेमका हाच आकडा सरकारने ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर देशभर एकसारखी निवासी डॉक्टर योजना आणताना केंद्र सरकारने जून १९९२ मध्ये पत्र काढले. त्यात लिहिले आहे की कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावे, सलग १२ तासांपेक्षा जास्त करू नये आणि त्यांना पाळीपाळीने आठवड्याची सुटी मिळावी. या पत्राला तीस वर्षे उलटून गेली. त्या वर्षी जन्मलेली मुले सर्जन होऊन बाहेर पडली, तरी पत्र कागदावरच राहिले.

पुढे काय झाले? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले. त्यात आकडा गेला आणि कामाचे तास 'वाजवी' असावेत, विश्रांतीला 'वाजवी' वेळ मिळावा, अशी शब्दरचना आली. आता वाजवी म्हणजे किती? बाजार समितीत शेतकऱ्याला 'वाजवी भाव देऊ' असे सांगितले की त्याच्या पदरात काय पडते, हे वाचकांना सांगायला नको. त्यानंतर २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर याच आयोगाने नेमलेल्या कृती गटाने अहवाल दिला. आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुटी हवी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी त्याची शिफारस आहे. म्हणजे १९९२ चे ४८ तास पाळले गेले नाहीत म्हणून २०२४ ला ७४ मागण्याची पाळी आली, आणि तीसुद्धा शिफारसच. मागणी खाली येत नाही, वर चालली आहे, आणि तरी ती पुरी होत नाही.

बैलाला कळते ते माणसाला का कळू नये?

आपल्याकडे बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. रोजच्या औतालाही जाणता शेतकरी उन्हाच्या आत बैल सोडतो. दमलेला बैल तास वाकडे घालतो, पाय अडकून पडतो, हे त्याला ठाऊक असते. रात्रीची वीज येते म्हणून उसाला पाणी पाजायला जागणाऱ्या शेतकऱ्याला जागरणाची किंमत कुणी शिकवायला नको. पहाटे डोळ्यावर झापड येते, पाट फुटलेला दिसत नाही, पायाखालचा साप दिसत नाही. हंगामात रात्रभर खेपा मारणाऱ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरची डुलकी किती घरे उजाड करते, तेही आपण दर साली बघतो.

शास्त्रही हेच सांगते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. चोवीस तास जागरण झाले की ते ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आपल्या देशात वाहन चालवायला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. तिच्या तिप्पट दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात आपण ट्रॅक्टरचे स्टिअरिंग देणार नाही. मग तेवढ्याच मंदावलेल्या हातात सुरी देऊन आपल्या माणसाच्या पोटावर कशी ठेवायला सांगतो?

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटले ते एका मुलीच्या मृत्यूने. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिचा बाप पत्रकार होता. त्याने निवासी डॉक्टरांच्या लांबलचक ड्युट्या आणि वरिष्ठांची अपुरी देखरेख यांवर रान उठवले. त्या राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ पासून ती सगळ्या अमेरिकेत लागू झाली. युरोपात तर कनिष्ठ डॉक्टरांनाही सरासरी ४८ तासांचीच मर्यादा आहे.

'आम्ही असेच शिकलो'

यावर जुन्या सर्जन मंडळींचा आक्षेप असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, "आम्ही असेच शिकलो. रात्रीच्याच केसेसनी हात तयार होतो. तास कमी केले तर अर्धेकच्चे सर्जन बाहेर पडतील." यात तथ्य आहे. पोटात सुरा लागलेला रुग्ण दिवसा दहा ते पाच या वेळेत येत नाही. शिवाय पाळी बदलताना एकाकडून दुसऱ्याकडे माहिती नीट गेली नाही तर त्यातूनही घोटाळे होतात. अमेरिकेत शस्त्रक्रिया विभागाच्या ११७ प्रशिक्षण केंद्रांत मोठी चाचणी झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. सलग ड्युटीचे नियम थोडे सैल ठेवले म्हणून रुग्णांचे जास्त नुकसान झाल्याचे त्यात दिसले नाही.

पण हे सांगताना एक गोष्ट लपवू नये. ती चाचणी आठवड्याला ८० तासांच्या मर्यादेच्या आत झाली होती आणि ती मर्यादा सैल केलेली नव्हती. आपल्याकडे भांडण ८० आणि ४८ यांमधले नाहीच. आपल्याकडे मर्यादा मोजतच नाहीत, तिथे सैल काय आणि घट्ट काय?

दुसरे म्हणजे, जागरणातला किती वेळ शिकण्यात जातो? स्ट्रेचर ढकलून, रिपोर्ट आणून, रक्ताची पिशवी घेऊन जिने चढून कोणी सर्जन होत नाही. ही कामे शिपाई, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि कारकुनाची आहेत. ती पदे रिकामी राहिली की त्यांचे ओझे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरवर येते. हे काम त्याच्या अंगावरून काढले तर तास कमी होतील आणि शिक्षण वाढेल. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आधी यावर एकमत करावे, तासांचा वाद त्यानंतर घालावा.

ओझे सीपीआरवर का येते?

संस्थानकाळापासून हे रुग्णालय गोरगरिबांचे आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले आणि त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले. जिल्ह्यातून, सीमाभागातून, कोकणातून रुग्ण येतात. फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत झाले, हे चांगलेच झाले. शेंडा पार्कातील नव्या इमारतींचीही चर्चा आपण वाचतो. पण खाटा वाढल्या की हातही वाढले पाहिजेत. गोठा मोठा बांधला आणि वैरण घालणारा गडी एकच ठेवला, तर जनावरेही उपाशी आणि गडीही आडवा.

खरी गोम तालुक्याला आहे. ग्रामीण रुग्णालयात सर्जन असला तरी भूलतज्ज्ञ नसेल तर ऑपरेशन होत नाही. दोघे असले आणि रक्त नसले तरी होत नाही. मग साधे अपेंडिक्सही कोल्हापूरला पाठवले जाते आणि रात्रीची रांग वाढते. यावर एक तोड नियमातच आहे. पदव्युत्तर निवासी डॉक्टरने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करायचे, असा जिल्हा निवासी कार्यक्रम २०२१ च्या तुकडीपासून लागू झाला आहे. इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय अशा ठिकाणी हे डॉक्टर नियमित आले, आणि त्यांच्या पाठीशी जाणता सर्जन व भूलतज्ज्ञ उभा राहिला, तर तिथे लहान-मध्यम शस्त्रक्रिया होतील, त्यांचा हात बसेल आणि सीपीआरचे ओझे हलके होईल. एम.एस. झाल्यावर राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवाही आहे. नेमणूक द्यायची आणि ऑपरेशन थिएटर बंद ठेवायचे, असे झाले तर ते वर्ष वाया जाते, त्याचेही आणि आपलेही.

कुणी काय करावे

शासनाकडे मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाचे ड्युटीपत्रक महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लागावे आणि प्रत्यक्ष तासांची नोंद ठेवावी. रात्रपाळीला वॉर्डबॉय आणि कारकून नेमावेत. विश्रांतीची खोली स्त्री-पुरुषांना वेगळी, कडी लागणारी आणि वॉर्डाजवळ असावी. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांब ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर 'मार्ड' या संघटनेने महाराष्ट्रातही काम बंद ठेवले. आज खेड्यापाड्यांतल्या मुली डॉक्टर होत आहेत. त्या आपल्याच लेकी आहेत. २०२४ सालीच शासनाने निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात दहा हजारांची वाढ केली, ती योग्यच झाली. पण पैशाने झोप विकत मिळत नाही.

इथे एक योग जुळून आला आहे. वैद्यकीय शिक्षण खाते जुलै २०२३ मध्ये कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे आले आणि डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळातही त्यांच्याकडेच राहिले. राजर्षी शाहूही कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मले. खेड्यातल्या मुलांना कोल्हापुरात शिकता यावे म्हणून त्यांनी आधी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली, वसतिगृहे उभारली. विद्यार्थ्याला आधी निवारा आणि घास द्यावा, मग विद्या, हा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात १९९२ चे पत्र प्रथम अंमलात आणून दाखवावे, ही अपेक्षा कागलकरांनी केली तर ती वावगी नाही.

एमआयडीसीतील कारखानदारांनीही हिशेब करावा. नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांवर आहे. चौकांच्या कमानी आणि फलक पुरे झाले. वसाहतीत रात्री उघडे राहणारे अपघात उपचार केंद्र चालवावे. टाके, ड्रेसिंग आणि लहान भाजणे तिथेच निभावले तर कामगाराची खेप वाचेल आणि सीपीआरच्या डॉक्टरची तासभर झोपही.

आता आपली, गावाची जबाबदारी. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांनी ध्यानात घ्यावे, असे काही :

जखमी उचलताना १०८ ला फोन करावा. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी; बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. साप चावला तर दोरी आवळू नये, जखम चिरू नये, हात-पाय न हलवता रुग्णालय गाठावे. रुग्णाबरोबर वीस माणसांचा जमाव नेऊ नये. दोन शहाणी माणसे पुरेत. आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवावे, म्हणजे योजनेच्या कागदांसाठी डॉक्टरचा वेळ जात नाही. गावात वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर घ्यावे. आणि डॉक्टरवर हात उगारू नये. २०१० च्या राज्याच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण कायद्यापेक्षाही साधी गोष्ट अशी की आपला माणूस टेबलावर असताना सर्जनच्या कानशिलात मारून त्याचा हात स्थिर होत नाही.

येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडता येईल : आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन्ही हवेत, आणि सीपीआरच्या निवासी डॉक्टरांचे कामाचे तास जाहीर व्हावेत. रस्ता, गटार आणि पाण्याचे ठराव आपण दर वर्षी करतो. हा ठराव तितकाच आपल्या जिवाचा आहे. गावोगावचे ठराव जिल्हा परिषदेत आणि मंत्र्यांच्या टेबलावर गेले, तर तीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्रावरची धूळ झटकायला कुणाला तरी उठावेच लागेल.